लहानपणी वाचलेले शास्त्रज्ञ: तुमच्या आठवणी लिहा

काल कुटासाठी दाणे भाजले. लेक सालं पाखडताना म्हणाली, "आई, यांचं काय करायचं?" आणि एकदम अमेरिकेतला भुईमूगवाला शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आठवला. चौथीच्या सुट्टीत मामाच्या माळ्यावर मिळालेलं, मुखपृष्ठ गेलेलं चरित्र. गुलामीत जन्मलेलं तान्हं पोर आईसकट पळवून नेलं. मालकानं घोडा देऊन पोराला सोडवलं, आई काही सापडली नाही. तिथेच मी पुस्तक मिटून आईला शोधत स्वयंपाकघरात गेले होते. कापसानं जमीन कशी खाल्ली, भुईमूग का लावायला सांगितला, हे सगळं नंतर कळलं. तुम्हाला कोण भेटलं होतं?

*

आमची जमीन कोरडवाहू, कापसाचीच. सहावीत असताना बाबांना रात्री हेच वाचून दाखवायचो. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरला जातो, असं वाचलं तर सकाळी बाबांनी भुईमुगाचा वेल उपटून गाठी दाखवल्या. म्हणाले, "याचा बेवड चांगला असतो, म्हणजे याच्यामागून घेतलेलं पीक चांगलं येतं, आजोबा सांगायचे." मला तो अमेरिकेतला माणूस तेव्हापासून आमच्या भावकीतला वाटतो.

*

मेरी क्युरी!! पोलंडच्या वॉर्सात मुलींना विद्यापीठ बंद, म्हणून चोरून भरणारे वर्ग. मोठी बहीण पॅरिसला डॉक्टरकी शिकत होती तेव्हा ही लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवायची आणि तिला पैसे पाठवायची. मग बहिणीनं हिला बोलावून घेतलं. नोबेल दोनदा, १९०३ आणि १९११, पण मला ते बहिणींचंच लक्षात राहिलं. माझ्या ताईनं बारावीनंतर नोकरी धरली, माझी फी भरली. कुकर झाला, येते.

*

एक विनंती. एडिसनच्या आईनं शाळेची चिठ्ठी बदलून वाचली ही व्हॉट्सॅपवरची गोष्ट मुलांना सांगू नका, तसं घडलेलं नाही. शिक्षकानं मंद ठरवल्यावर आईनं शाळेतून काढून घरी शिकवलं, हे खरं. पुढे पोरगा रेल्वेत पेपर विकायचा आणि सामानाच्या डब्यात प्रयोग करायचा. माझा मुलगा हे ऐकून दोन दिवस झोपला नाही.

*

त्या मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकाला कसर लागली नाही ना? कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा.

*

पाला ठेवलाय. पण पहिली आठ पानं सुटलीत.

*

माझे वडील बाइंडिंग करायचे, त्यामुळे माझा हिरो विजेवर संशोधन करणारा फॅरेडे. बाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा. डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, स्वतः बांधून त्यालाच पाठवली! वडिलांनी ते पान दुकानात चिकटवलं होतं. ताई, पुस्तक पाठवा, शिवून देतो. पैसे नकोत.

*

आमच्या शाळेच्या कपाटात एकही बाई नव्हती. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी मला तिशीत कळल्या. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत. 'आधी काम बघू, मग ठरवू' या अटीवर वर्षभर काम केलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. आठवीत वाचलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं. आता भाचीला देते.

*

मेरी क्युरीवाले, तुझी ताईच आहे. वाचलं गं. रात्री फोन करते.

*

दाण्याची सालं गुलाबाच्या कुंडीत घाला, ओल टिकते.

*

घातली. लेकीनंच.