प्रतिसाद: जुने लेख फीडमध्ये पुन्हा नवे का दिसतात

साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर (पत्ता http ऐवजी https ने सुरू होणाऱ्या सुरक्षित जोडणीवर) नेल्यावर फीड रीडरमध्ये (साइटवरचे नवे लेख गोळा करून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) सगळे जुने लेख पुन्हा ‘न वाचलेले’ म्हणून आले, अशी एकाची तक्रार आहे. तारखा तपासत बसू नका, आधी ‘जीयूआयडी’, म्हणजे फीडमधली प्रत्येक लेखाची ओळखखूण, बघा. बहुतेक रीडर लेख त्यावरूनच ओळखतात. आरएसएस २.० या फीडच्या प्रकारात हा टॅग ऐच्छिक आहे आणि ‘इज-पर्मालिंक’ (जीयूआयडी हाच लेखाचा कायमचा पत्ता आहे का, हे सांगणारी नोंद) लिहिलं नाही तर ते ‘ट्रू’, म्हणजे ‘हो’, धरलं जातं, म्हणून बरेच जण तिथे लेखाचा पत्ताच टाकतात. पत्त्यात एक ‘एस’ वाढला की ओळख बदलली, लेख नवा!

जुन्या लेखांचे जीयूआयडी एचटीटीपीसकट होते तसेच परत ठेवा. नवा पत्ता फक्त ‘लिंक’ टॅगमध्ये. जुना पत्ता आता उघडत नसेल तर इज-पर्मालिंक ‘फॉल्स’ करा. यापुढच्या लेखांना पत्त्याशी संबंध नसलेला, डेटाबेसमध्ये साठवलेला आयडी द्या.

अ‍ॅटम या फीडच्या दुसऱ्या प्रकारात आयडी सक्तीचा आहे, आणि मजकूर कुठेही हलवला तरी तो बदलायचा नाही असं २००५च्या आरएफसी ४२८७ या अ‍ॅटमच्या मानकात स्पष्ट लिहिलंय. मला तरी म्हणूनच अ‍ॅटम जास्त भरवशाचं वाटतं.

फीडचा स्वतःचा पत्ताही बदलला असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ (पत्ता कायमचा बदलला, असं सांगणारा सर्व्हरचा कोड) द्या. ३०२ म्हणजे तात्पुरता बदल, त्यामुळे रीडर जुन्याच पत्त्यावर येत राहतात.