चकवा: अनुभव खरा, पण भूत कशावरून?

भटक्या_घाटी

राजापूरकडच्या एका लग्नात परवा चकव्यावरून पुन्हा वाजलं, म्हणून हा धागा काढतोय. नवऱ्या मुलाचे काका सांगत होते: शेजारच्या गावचं भजन आटपून रात्री एकटेच निघाले. वाट पायाखालची, सडा ओलांडला की घर. पण चालतायत, चालतायत आणि पुन्हा त्याच करवंदीच्या जाळीपाशी. असं तीनदा झालं. शेवटी खाली बसले, विडी पेटवली, ग्रामदेवतेचं नाव घेतलं. फटफटल्यावर बघतात तर आपल्याच वाडीची कौलं हाकेच्या अंतरावर! यावर पंगतीतल्या एका तरण्या पोराने फाटकन विचारलं, "काका, किती झाली होती?" झालं. काका भरल्या पानावरून उठले.

माझं म्हणणं असं की त्या पोराचं चुकलं आणि काकांचंही पूर्ण बरोबर नाही. काका माळकरी आहेत, थेंबाला शिवत नाहीत. थाप मारून त्यांना मिळणार काय? वाट सापडेना, गोल फिरले, पाचावर धारण बसली, हे सगळं झालं असणार. पण 'मला वाट सापडली नाही' आणि 'मला कुणीतरी फिरवलं' यांत फरक आहे. पहिल्या गोष्टीचे काका स्वतः साक्षीदार आहेत. दुसरीचे नाहीत, कारण फिरवणारा त्यांनाही दिसलेला नाही.

आता सडा कसा असतो तो बघा. मैलोन्‌मैल पसरलेला जांभ्याचा काळा कातळ. मातीच नाही, त्यामुळे पायवाट उमटत नाही. झाड नाही, असलीच तर अधूनमधून करवंदीची नाहीतर तोरणीची जाळी. पावसाळी रात्री चंद्र नसला की लांबची कुठलीच खूण दिसत नाही. अशा जागी माणूस सरळ चालूच शकत नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो ढगाआड गेला की गोल फिरायला लागले आणि आपल्याच वाटेवर परत आले. डोळे बांधून सोडलेल्यांची वर्तुळं तर कधीकधी अवघी 20 मीटर व्यासाची होती, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती!

एक पाय लांब असतो म्हणून असं होतं, असं आपल्याकडे सांगतात. त्या संशोधनात तसं काही आढळलं नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. दिशेचा अंदाज पावलागणिक जरा जरा ढळतो आणि ती चूक साठत जाते. चकवा तो हाच, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

वेंगुर्लेकर

घाटावर बसून सड्याचं वर्णन झकास केलंत. पण आमच्याकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या काळोखातून ये-जा करतात. बॅटऱ्या नव्हत्या तेव्हा चूड पेटवून जायची. त्यांना रोज का नाही चकवा लागत? ठरावीक जागीच का लागतो? आमच्या गावात एक ओहोळ आहे, तिथून पलीकडे गेलं की अमुक एका वळणावरच माणूस घोटाळतो. पन्नास वर्षांपूर्वी तिथेच, आजही तिथेच. जर्मन लोक काय सांगतात त्याबद्दल?

आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना उपाय ठाऊक होता. "चकवो लागलो काय धावाचा नाय, थंयच बसान ऱ्हवाचा." बसलं की सुटतो. काकांनी तेच केलं. देवचार वेशीवर राखण करतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, ही आमची श्रद्धा आहे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, लोक हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो फेरी मारतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. हसायचं त्यांनी हसा.

शंकेखोर

हसत नाही, विचारतो. चपला झिजतात हे कुणी नव्या असताना मोजून, खोलीला कुलूप लावून बघितलंय का?

पण माझं खरं भांडण धागाकर्त्याशी आहे. 'अनुभव खरा' असं म्हणून तुम्ही दार अर्धं उघडं ठेवलंत. काका तीनदा 'त्याच' जाळीपाशी आले, हे कशावरून? काळोखात करवंदीच्या सगळ्या जाळ्या सारख्याच. त्यांनी फांदी मोडून ठेवली होती? रुमाल बांधला होता? नाही. घाबरलेल्या माणसाला वाटलं की हीच ती. मग सकाळी घरी सांगताना दोनदाचं तीनदा झालं, वर्षभरात विडी आली, देवाचं नाव आलं. आठवण काही फोटो नसते, दर वेळी सांगताना ती नव्याने रचली जाते. तेव्हा अनुभवसुद्धा जसाच्या तसा पदरात घेऊ नका.

वेंगुर्लेकर, ठरावीक जागेचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. ओहोळ ओलांडला की वाट फुटत असणार. भूगोल बदलला नाही, तर चुकायची जागा तरी का बदलेल?

अण्णा_सातारकर

म्हणजे काका खोटारडे नाहीत, पण त्यांना स्वतःचं काहीच कळत नाही. यापेक्षा तो पंगतीतला पोरगा बरा, निदान तोंडावर तरी बोलला.

विज्ञानाला सगळं कळलंय या तोऱ्यात राहू नका. तिकडेच राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर कातळशिल्प आहे, त्याच्याजवळ होकायंत्र धरलं तर काटा भलतीच दिशा दाखवतो. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बरोब्बर त्याच ठिकाणी चित्र कोरलं. कसं कळलं त्यांना? जिथे यंत्राला चकवा लागतो तिथे माणसाला का लागू नये?

शंकेखोर

अण्णा, होकायंत्र चुकतं कारण तिथल्या खडकातच चुंबकत्व आहे. ते कुणालाही, कधीही, भर दुपारी बघता येतं. चकव्याला मात्र अंधार लागतो आणि माणूस एकटा लागतो. शिवाय कोकणात कातळशिल्पं शेकड्यांनी आहेत. सगळीकडे काटा फिरत नाही.

कारवी

दोन्ही बाजूंना थोडं थोडं खाद्य देते. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये एकाला भीमाशंकरच्या बाजूला चकवा लागला. महिना सप्टेंबरचा. धुकं असं की पुढच्याची सॅक दिसेना, कारवीची झुडपं डोक्याच्या वर वाढलेली आणि त्यांच्यातून ढोरवाटांचं जाळं. ढोरवाट आणि माणसांची वाट सुरुवातीला सारखीच दिसते. पण ढोरवाट चरायच्या जागी जाऊन विरते, नाहीतर वळसा घेऊन परत येते. हा आमच्या मागे राहिला आणि बऱ्याच वेळाने पांढराफटक होऊन उगवला. म्हणे सरळ चालत होतो, दोन तास तरी नक्की.

त्याच्या मोबाईलवर जीपीएसचा ट्रॅक चालू होता. तो उघडून बघितला तर नकाशावर जिलबी! एकात एक अडकलेले तीन-चार वेढे, आणि वेळ पस्तीस मिनिटं. म्हणजे शंकेखोर, गोल फिरणं ही आठवणीतली भर नाही, ते खरोखर झालं होतं. आणि अण्णा, 'दोन तास' मात्र त्याच्या डोक्यात झाले. भीतीने वेळ ताणला जातो.

अजून एक. त्याच भागात पावसाळ्यात रात्री कुजक्या लाकडांवर हिरवट उजेड दिसतो. ती मायसेना कुळातली बुरशी असते. टॉर्च बंद करून डोळे सरावले की दिसते. ठाऊक नसताना पहिल्यांदा दिसली तर कुणाचीही बोबडी वळेल.

वेंगुर्लेकर

ताई, तुम्ही तर आमचंच म्हणणं सिद्ध केलंत की हो. यंत्राने नोंदवलेला चकवा! :)

कारवी

वेढे नोंदवले गेले, वेताळ नाही. :)

नीलांबरी

विषय थोडा बाजूला नेते. वडील जाऊन बरेच महिने झाले. अजूनही सकाळी साडेपाचच्या सुमाराला स्वयंपाकघरात त्यांचा खाकरण्याचा आवाज येतो. आधी खाकरणं, मग पातेल्याचं झाकण ओट्यावर ठेवल्याचा आवाज. ते स्वतःचा चहा स्वतः करायचे. मी उठून बघत नाही. भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं. आईला सांगितलं नाही, ती लगेच शांत करायला लावेल. इथल्या चष्म्यातून मी कुठे बसते? भ्रमिष्ट की खोटारडी?

भटक्या_घाटी

दोन्ही नाही. 1971 मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरने जोडीदार गेलेल्या 293 जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना गेलेला माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसला होता, काहींना आवाज आला होता. बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटला होता. तुमचं नातं वेगळं, पण जात तीच. वर्षानुवर्षं रोज त्या वेळी जो आवाज ऐकला, तो कान अर्धवट झोपेत आपणहून पुरवतात.

उठून बघायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न.

अंजनी

इथे सगळं फार गोड चाललंय, म्हणून मुद्दाम लिहिते. मी मराठवाड्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे असल्या गोष्टी विडी पेटवून संपत नाहीत. कुणी रानातून घाबरून आला, ताप चढला, की "बाहेरचं लागलंय" म्हणतात आणि भगताकडे नेतात. भगत धुरी देतो, वेताच्या छडीने मारतो. मग 'कुणी केलं' हे शोधणं सुरू होतं आणि बोट नेमकं गावातल्या एकट्या विधवेकडे वळतं. कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटल्या, की भानामतीचा बोभाटा होतो. ज्या घरात हे चालतं तिथल्या पोरी माझ्या वर्गात असतात.

म्हणून तर कायदा करावा लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे चार दिवसांनी सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखादी बाई करणी करते असा बोभाटा, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होते. ज्यांना 'निरुपद्रवी श्रद्धा' म्हणायचंय त्यांनी एकदा इकडे येऊन बघावं.

अण्णा_सातारकर

ताई, त्या भगताला माझ्याकडून दोन जास्तीच्या द्या. पण बुवा लबाड निघाला म्हणून भजनाहून परतणारा माणूस लबाड ठरत नाही. तुमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ती 21 लाखांची आव्हानं मी ऐकली आहेत. चमत्कार सिद्ध करा आणि बक्षीस न्या. अहो, ती बुवासाठी ठीक, तो रोज दुकान मांडतो. काकांना चकवा आयुष्यात एकदा लागला. त्यांना काय समितीपुढे जाऊन गोल फिरून दाखवायला सांगणार?

शंकेखोर

अण्णांचा हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. आव्हानाने दुकानदार पकडला जातो, वाटसरू नाही. पण मग वाटसरूचा अनुभव पुरावा म्हणूनही मांडू नये ना. तपासायची सोय नाही म्हणून आम्ही त्याला खोटं म्हणणार नाही, आणि तपासायची सोय नाही म्हणूनच तुम्ही त्यावर वेताळ उभा करू नये.

आठवतंय का, 21 सप्टेंबर 1995? गणपती दूध प्यायला तो दिवस. लाखोंनी 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलं. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जात होतं आणि पातळ थराने खाली ओघळत होतं. पाहणारे खोटं बोलत नव्हते, ते फक्त मूर्तीच्या पायाशी बघत नव्हते.

वेंगुर्लेकर

अंजनीताईंच्या बोलण्यावर काही बोलत नाही, ते वाईटच. पण आमच्या देवचाराने कुठल्या विधवेवर बोट दाखवलेलं मी ऐकलं नाही. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

आणि त्या बसून राहण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आता डोंगरात वाट चुकल्यावर रेस्क्यूवाली मुलं फोनवर काय सांगतात? आहात तिथेच थांबा, हलू नका. आमच्या म्हाताऱ्या काय वेगळं सांगत होत्या?

कारवी

हे शंभर टक्के. आमचा तो मित्र घाबरून धावत सुटला होता, ट्रॅकमध्ये दिसतं. धावलेल्या जागी वेढे जास्त घट्ट आहेत. कड्याकडे गेला असता तर आज ही जिलबी दाखवायला उरला नसता. 'बसून राहा' हा सल्ला वेताळाच्या नावाने दिला तरी मला चालेल.

अंजनी

मला नाही चालत. सल्ला योग्य, कारण चुकीचं. नावाला चिकटून उद्या उताराही येतो आणि परवा भगत.

भटक्या_घाटी

अंजनीताई, या एका बाबतीत मी कारवीच्या बाजूने. रात्री सड्यावर अडकलेल्याला जर्मन संशोधन आठवणार नाही, आजीचं वाक्य आठवेल. भगताशी लढा जरूर द्या, पण ते वाक्य पुसून टाकू नका.

दरम्यान एक विनंती. ज्यांच्याकडे वाट चुकलेल्या वेळचे जीपीएस ट्रॅक असतील त्यांनी इथे टाका. घराचा पत्ता दिसत असेल तर तेवढा भाग कापा.

अण्णा_सातारकर

टाका, टाका. आणि सोबत तिथीही लिहा. त्या दिवशी अमावास्या होती की नव्हती ते कळू दे एकदाचं.

शंकेखोर

लिहा. पण जे अमावास्येला गेले आणि न चुकता घरी पोचले त्यांचेही ट्रॅक हवेत, नाहीतर मोजणार कशाशी?