मदत हवी आहे : इनटेक मॅनिफोल्डचा फ्लॅप उघडत नाही

माझ्या जुन्या, सहा सिलिंडरच्या स्पोर्ट्स कारच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचात) कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हवा लांब नळ्यांतून जाते आणि साधारण ५,००० च्या पुढे व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) फ्लॅप, म्हणजे आतली झडप, फिरून आखूड मार्ग खुला होतो, तेव्हा गाडी अक्षरशः झेपावते. महिनाभरापासून ती झेपच नाहीशी झाली आहे. व्हॅक्यूमचा हातपंप लावला की अ‍ॅक्च्युएटरचा (फ्लॅप फिरवणाऱ्या भागाचा) दांडा पूर्ण ओढला जातो आणि व्हॅक्यूम टिकतो, म्हणजे त्यातला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटलेला नाही. सोलेनॉइडला (अ‍ॅक्च्युएटरकडे व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेला) थेट १२ व्होल्ट दिल्यास ‘टक’ असा आवाजही येतो. मात्र चालू इंजिनवर सोलेनॉइडकडे येणाऱ्या नळीला बोट लावले, तर ओढ जेमतेम जाणवते. वन-वे व्हॉल्व्हजवळची, केसाएवढी चीर गेलेली रबरी नळी बदलूनही फरक पडला नाही. आता संशय व्हॅक्यूम साठवणाऱ्या टाकीवर आहे, पण ती मॅनिफोल्डखाली आहे. मॅनिफोल्ड न उतरवता तिची गळती कशी तपासावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.