रविवारच्या हिब्रू क्लासमध्ये टॅबलेट वापरायचे का?

ठाण्याची_आई:
शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. दर रविवारी सकाळी नऊ पोरांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवते, वयं सहा ते बारा, म्हणजे एकजण अजून अक्षरं गिरवतोय आणि एकाची पुढच्या वर्षी बार मित्झ्वा (तेराव्या वर्षीचा धार्मिक विधी). आता एका घरून चार जुने टॅबलेट आणि मोठा टीव्ही मिळालाय. मी खूश, पण जुनी मंडळी म्हणतात धर्माचं शिक्षण पुस्तकातूनच व्हावं, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्याला हात लावायचा नाही तेच पोरांच्या हातात कशाला देता. अ‍ॅप बघितली तर सगळी इंग्लिशमधून शिकवणारी. कोणी केलंय का असं काही?

अश्दोदची_मावशी:
ताई, आधी टीव्ही लाव, टॅबलेट नंतर. लहान पोरं बेत आणि काफ, दालेत आणि रेश, हे आणि खेत या अक्षरांच्या जोड्यांत हमखास घोळ घालतात, फरक एका कोपऱ्याचा नाहीतर एका फटीचा, पुस्तकातल्या बारीक छपाईत तो दिसतच नाही. अक्षर भिंतीएवढं करून दाखव, लगेच कळतं. बावीस अक्षरं आणि शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी पाच, एवढं पाठ व्हायला माझ्या नातवाला फार दिवस लागले नाहीत.
आणि इथल्या, इस्राएलमधल्या कोणाला रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसवायचा विचार असेल तर सोड. तुमचे दहा वाजतात तेव्हा आमचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात, आणि इथे रविवार म्हणजे शाळेचा दिवस, सगळ्यांची डबा-दप्तराची धावपळ!

लाल_देवळाजवळ:
बार मित्झ्वावाल्या मुलासाठी सेफारिया बघा, ज्यू धर्मग्रंथांची साइट आणि अ‍ॅप, फुकट आहे. त्यात स्वरांचे ठिपके आणि सुरांच्या खुणा बंद करता येतात. सेफर तोरामध्ये, म्हणजे देवळातल्या हस्तलिखित गुंडाळीत, दोन्ही नसतं ना, नुसती अक्षरं, त्यामुळे घरी ठिपके लावून वाचायचं, मग काढून, मग परत लावून चुका बघायच्या. आमच्या वेळी वडील ठिपक्यांवर बोट ठेवून झाकायचे 😄
पण चाल अ‍ॅपवरून नका शिकवू!! आमच्याकडे एका पोराने पराशा (तोरामधला त्या आठवड्याचा भाग) नेटवरून पाठ केली, अगदी खडाखडा, पण अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या चालीत. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, पोराला कळेना काय चुकलं. खरं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आपली चाल त्याला कोणी दिलीच नव्हती. तुमच्या हजानसाहेबांना (देवळात प्रार्थना म्हणणारे) मधल्या वारी अर्धा तास बसवा, फोनवर रेकॉर्ड करा, एकेक पासूक (ओळ) वेगळा, आणि तेच टॅबलेटमध्ये टाका. याहून भारी अ‍ॅप कोणी बनवणार नाही.

शनिवार_तेली:
पुस्तकातूनच म्हणणाऱ्यांना एक विचारा, पेसाखच्या सणाला वाचायची आपल्याकडे जी हगादा (त्या रात्रीची पोथी) आहे, 1874 साली पुण्यात छापलेली, एका बाजूला हिब्रू एका बाजूला मराठी आणि चित्रात साड्या नेसलेल्या बाया मत्झा (बिनखमिराची रोटी) करतायत, ती त्या काळी नवीनच होती ना? कोकणात तेल गाळणाऱ्या आपल्या लोकांकडे पिढ्यानपिढ्या पुस्तकं नव्हती, शमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती.
मात्र शब्बाथचा मुद्दा मला पटतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं कपाटात. पोरांनीच बंद करून ठेवायचं, म्हणजे नियमपण कळतो.
अजून एक. देवाचं नाव कागदावर लिहिलं की तो कागद टाकता येत नाही, गनिझात, म्हणजे अशा पवित्र कागदांच्या वेगळ्या जागेत, ठेवावा लागतो. स्क्रीनवरचं पुसलं तर चालतं असं बहुतेक रब्बी म्हणतात. गिरवायच्या सरावाला हे सोयीचं आहे.

ठाण्याची_आई:
बापरे, ते गनिझाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याकडे वर्कशीटची पिशवी भरून पडलीय. मावशी, टीव्हीवर मोठी अक्षरं या रविवारपासूनच. हजानसाहेबांना विचारलं, आधी नाही म्हणाले, मग म्हणाले चालेल पण घसा बसलाय, पुढच्या आठवड्यात. मीच मराठीत सूचना लिहायला घेतल्यात तर हिब्रू शब्द मध्ये टाकला की पूर्णविराम भलत्याच टोकाला उडी मारतो, ठिपके अक्षराखालून सरकतात. कोणता फॉन्ट वापरता तुम्ही?

लाल_देवळाजवळ:
फॉन्टच्या भानगडीत नका पडू, हिब्रू वेगळ्या ओळीवर टाका, मराठी खालच्या ओळीवर.