मदत हवी आहे: वडिलांचा सोफा स्कोअर 9, मग 11, आज परत 9. सुधारतंय म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. गाव तासगावजवळ, सध्या मुक्काम मिरजेत आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, मोबाईलवरनं टाईप करतोय, चुका पोटात घाला.

वडिलांना (वय 64, शुगर जुनी) द्राक्षबागेतली तार पायाला लागली, हळद दाबून तीन दिवस अंगावर काढलं, मग पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, हुडहुडी भरून ताप, सोमवारी पहाटे असंबद्ध बोलायला लागले तसं गाडीत घालून आणलं. सेप्सिस म्हणाले, म्हणजे इन्फेक्शनमुळं अवयव बिघडायला लागलेत. तेव्हापासनं डॉक्टर रोज दोन मिनिटं भेटतात आणि एक आकडा सांगतात, सोफा स्कोअर, अवयव किती बिघडलेत त्याचा, जास्त म्हणजे वाईट. आई म्हणते सोफा कशाला घ्यायला सांगतायत आता.

सिस्टरना विचारून फवारणीच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय. सोमवारी ऑक्सिजनचे 2, प्लेटलेट 1 लाख 10 हजार त्याचा 1, क्रिएटिनिन (किडनीचं) 2.1 त्याचे 2, पडलेलं बीपी वर धरायच्या औषधाचे 3, शुद्धीचा 1, लिव्हर 0. एकूण 9. मंगळवारी प्लेटलेट 88 हजार आणि बीपीचं औषध वाढवलं, 11. आज बुधवार, औषध कमी केलं, माणसं ओळखतात, पण प्लेटलेट 80 हजार, परत 9.

शेजारच्या बेडवरच्या आज्जींचापण पहिल्या दिवशी 9च होता, लघवीचं इन्फेक्शन, त्या दोन दिवसात 4 वर आल्या. डॉक्टर म्हणाले, "सेप्सिसचे टाईप असतात, परत परत स्कोअर काढला की कळतं." टाईप म्हणजे जंतूचा काय? आणि आम्ही फिरून सोमवारच्याच जागी आलो का?

आयसीयूवाली_सातारा: दादा, वही छान ठेवलीय, आमचे इंटर्नपण एवढं लिहीत नाहीत. जंतूचा टाईप कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) कळतो, हा वेगळा. सोफात सहा अवयव, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 24. 1996 पासून वापरात आहे, आणि 2016 च्या व्याख्येत इन्फेक्शनमुळं स्कोअर 2 नं किंवा जास्त चढला तर सेप्सिस धरतात. पण एका दिवसाचा आकडा म्हणजे नुसता फोटो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात आयसीयूतल्या पहिल्या 72 तासांचा स्कोअर कसा वरखाली होतो ते बघून चार गट काढले: पटकन बिघडणारे, उशिरा बिघडणारे, पटकन सुधारणारे, उशिरा सुधारणारे. पटकन बिघडणाऱ्यांत मृत्यू सगळ्यात जास्त. आज्जी पटकन सुधारणाऱ्यांतल्या दिसतात, बाबांचं नाव आत्ताच कुठल्या गटात घालू नका.

आणि तुमचे दोन 9 सारखे नाहीत. सोमवारी शुद्धीचा 1 होता तो गेला, बीपीचं औषध उतरतंय. वाढलेला 1 प्लेटलेटचा आहे, आणि प्लेटलेट बऱ्याचदा मागनंच येतात. फक्त स्कोअर उतरला म्हणून हुरळू नका, झोपेचं औषध चालू असेल तर शुद्धीचा मार्क फसवा असतो. उद्या एवढंच विचारा, बीपीचं औषध किती राहिलं आणि लघवी किती झाली.

कृष्णाकाठचा_गडी: पेशी कमी असतील तर पपईच्या पानाचा रस द्या भावा, आमच्या चुलत्याला लई फरक पडला.

आयसीयूवाली_सातारा: नका हो. चुलत्यांना डेंग्यू असणार. इथं क्रिएटिनिन वाढलेलं, शुगर आहे, बाहेरचा थेंबसुद्धा सिस्टरना विचारल्याशिवाय नको.

धागाकर्ता: नाही देत. ताई, मग टाईपप्रमाणं औषध वेगळं देतात का? तसं असेल तर पुण्याला हलवू का?

आयसीयूवाली_सातारा: अजून तरी नाही. 2019 मध्ये दाखल होतानाच्या तपासण्यांवरनं अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असेपण चार प्रकार पाडलेत, डेल्टात लिव्हर आणि शॉकवाले जास्त. पण गट बघून औषध ठरवायची पद्धत रोजच्या कामात आलेली नाही. अँटिबायोटिक वेळेत, सलाईन, बीपी, आणि पायात पू असेल तर सर्जननी तो काढणं, हे सगळ्यांना लागतंच. बीपीच्या औषधावरच्या पेशंटला रस्त्यानं हलवणं सोपं नसतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका.

धागाकर्ता: गुरुवार. 7. प्लेटलेट 95 हजार, क्रिएटिनिन 1.8, ऑक्सिजनचा आता 1च, बीपीचं औषध अगदी थोडं चालू. लघवी 24 तासात 1300 मिली. काल सर्जननी पायातला पू काढला. सकाळी आत सोडलं तेव्हा वही हातात बघून वडील म्हणाले, माझ्या औषधाच्या वहीत काय खरडतोयस.