पोर्ट वाईन कुठली घ्यावी? तातडीने मदत हवी आहे

रानजाई
सासऱ्यांसाठी पोर्ट (जेवणानंतर घ्यायची गोड, जरा कडक वाईन) न्यायची आहे. परवा पहाटे निघतेय, उद्या संध्याकाळचे दोन तास काय ते हातात आहेत. दुकानात जाऊन आले. रुबी, टॉनी, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), कोल्येता, व्हिंटेज, इतक्या प्रकारांच्या भिंतभर बाटल्या, आणि विक्रेता प्रत्येक बाटलीला उत्तमच म्हणतो. कृपया एकच नाव सांगा.

पारवा_कोथरूड
गोव्यातून आणताय ना? मग नावापेक्षा परवान्याचं बघा. गोव्याच्या अबकारी खात्याचा परवाना सोबत ठेवा, सीमेवर तपासणी असते. आणि महाराष्ट्रात प्यायचा परवाना वेगळा लागतो, हेही लोकांना माहीत नसतं.

रानजाई
अहो, मी पोर्तुगालला आहे, पोर्तो शहरात. गोव्यातून आणत नाहीये, गोव्याला नेतेय. सासरे म्हापशाला असतात.

दगडूशेट
कुणी काही म्हणो, भेट द्यायची तर सिंगल माल्ट व्हिस्की. शेरी वाईनच्या पिंपात मुरलेली, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली एखादी, ग्लेनफार्क्लास १५ वगैरे. विमानतळावर मिळते, घरात सगळ्यांना चालते. पोर्ट म्हणजे गोड औषध, घोटभर घेतलं की पुरे होतं.

मुक्ता_के
दगडूशेट, धागा पोर्टचा आहे. रानजाई, आधी हे सांगा: बजेट किती? सासरे कशी आणि किती घेतात? बाटली लगेच उघडणार की ठेवणार? आणि काही निमित्त आहे का? याची उत्तरं नसतील तर कुणीही सांगितलेलं नाव म्हणजे अंदाजपंचे.

रानजाई
बजेट ६० युरो, फार तर ७०. त्यांची पंचाहत्तरी आहे. रोज रात्री जेवणानंतर एक छोटा ग्लास, तिथली स्थानिक पोर्ट वाईन. बाटली महिनाभर पुरवतात. 'खरी पोर्ट एकदा प्यायची आहे' असं कितीदा बोलून दाखवलंय.

अमोल_लिस्बन
पंचाहत्तरी म्हणजे काहीतरी कायमचं लक्षात राहील असं द्या. व्हिंटेजच, म्हणजे एकाच नावाजलेल्या सालाची. २०११, २०१६, २०१७ ही तिन्ही वर्षं गाजलेली आहेत. इतक्या लांबून नेताय तर मधलं-अधलं कशाला?

मुक्ता_के
अमोल, इथे माझं अजिबात पटत नाही. व्हिंटेज दोन-तीन वर्षांतच पिंपातून बाटलीत भरतात, पुढची वीस-तीस वर्षं ती बाटलीत मुरते. २०१७ ची आज उघडली तर जीभ आवळून धरेल. तळाशी गाळ असतो, म्हणून बाटली आधी उभी ठेवायची, मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायची. आणि एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. रोज एक छोटा ग्लास घेणाऱ्या माणसाच्या हातात ती देऊन तीन चतुर्थांश वाईन वाया घालवायची का?

टॉनी नेमकी उलटी. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते, हवा लागून लाल रंग उतरतो, तांबूस-तपकिरी होते, अक्रोड, सुकं अंजीर, जळक्या साखरेची चव येते. गाळ नाही. उघडल्यावर फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकते. तुमच्या सासऱ्यांची सवय ऐकली की टॉनीशिवाय दुसरं नाव सुचत नाही. २० वर्षांची घ्या, साधारण तुमच्या बजेटात बसते.

अमोल_लिस्बन
पण २० वर्षांची म्हणजे सरासरी २०. वेगवेगळ्या सालांची मिसळण असते. त्यावर साल नसतं, मग खास काय राहिलं?

मुक्ता_के
साल हवंच असेल तर कोल्येता. एकाच हंगामाची टॉनी, किमान सात वर्षं पिंपात. सासऱ्यांच्या जन्मसालाची परवडणार नाही, पण मुलाच्या, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या जन्मसालाची चौकशी करून बघा. तीही बजेटाबाहेर गेली तर २० वर्षांच्या टॉनीवर थांबा.

शिरीष_नाशिककर
आपल्याकडे नाशिकला काय कमी आहे? द्राक्षं आपली, वाईनरी आपल्या. इथली लाल वाईन तिकडच्यांना नेऊन द्यायला हवी.

मडेरा_प्रेमी
गोव्याची हवा आणि रोज घोटभर, हे वाचून मला एकच सुचतं, मडेरा, पोर्तुगालच्याच मडेरा बेटावरची वाईन. ती बनतानाच उष्णता सोसून बनते. पूर्वी पिंपं जहाजातून उष्ण कटिबंधातून भारतापर्यंत जाऊन परत यायची आणि त्या वाईनला जास्त मान असे. उघडलेली बाटली महिनोन्महिने खराब होत नाही. गोड हवी तर माम्सी, कमी गोड हवी तर व्हेर्देल्यो.

मुक्ता_के
मडेरा मलाही फार आवडते. पण त्यांना 'खरी पोर्ट' प्यायची आहे. माणसाने तोंडाने मागितलेली गोष्ट द्यावी.

डॉ_हेमा
पंचाहत्तरी म्हणताय, मधुमेह आहे का? पोर्ट बनवताना द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं ७७ टक्क्यांचं मद्य घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर उरते. लिटरला साधारण १०० ग्रॅम. ६० मिलीच्या ग्लासात ६ ग्रॅम, शिवाय अल्कोहोल १९ ते २२ टक्के.

रानजाई
गोळी चालू आहे त्यांची. त्यांच्या डॉक्टरांना हे माहीत आहे, रोजचं मापही त्यांनीच ठरवून दिलंय. तो विषय नको. टॉनी ठरली. तीन बाटल्या घेऊ का? दीर पण मागतोय. आणि माझ्याकडे फक्त केबिन बॅग आहे.

पारवा_कोथरूड
हे आधी सांगायचं ना! शहरातल्या दुकानातली बाटली सुरक्षा तपासणीतून जाणारच नाही, १०० मिलीची मर्यादा आहे. एक तर बॅग चेक-इन करा, नाहीतर विमानतळावर तपासणीनंतरच्या दुकानात घ्या आणि सीलबंद पिशवी फोडू नका. पण मुंबईला उतरून पुढे गोव्याचं विमान असेल तर तिथे पुन्हा तपासणी, तिथे अडवू शकतात. पैसे भरून चेक-इन करा, कपड्यांत गुंडाळा. आणि भारतात माणशी २ लिटरच करमुक्त. ७५० च्या दोन म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन. दिराला ५०० मिलीची घ्या, बरोबर दोन होतात.

रानजाई
चेक-इन करते. आता दुकानात नेमकं काय बघू?

मुक्ता_के
नदीपलीकडे विला नोव्हा द गायाला जा, पोर्ट कंपन्यांची बहुतेक तळघरं तिथेच आहेत. पुलावरून चालत पोचता येतं. बहुतेक ठिकाणी चव घ्यायला देतात, १० आणि २० दोन्ही घोटभर चाखा, मग पैसे द्या. ग्रॅहम्स, टेलर्स, कोपके, नीपूर्ट, या कंपन्यांतली कुठलीही डोळे मिटून घ्या. गळ्यावर क्रमांक असलेली हमीची पट्टी असते, ती बघा. आणि मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल असतं. टॉनी बाटलीत सुधारत नाही, म्हणून त्यातल्या त्यात अलीकडचं साल निवडा. घरी बाटली उभीच ठेवायची. म्हापशाच्या उकाड्यात फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी ओता, आणि सोबत बेबिंका, तो गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ, द्या.

दगडूशेट
पिंपात वीस वर्षं म्हणजे आमच्या माल्टसारखंच झालं की. हे ठाऊक नव्हतं. १० वर्षांची केवढ्याला पडते?

मुक्ता_के
साधारण २० ते २५ युरो.

शिरीष_नाशिककर
बेबिंका म्हापशात चांगली कुठे मिळते? डिसेंबरात जातोय.

रानजाई
शुक्रवारचा बाजार धरून जा, तिथे घरगुती करून विकणाऱ्या बायका बसतात. सासूबाई तिथूनच आणतात. मुक्ताताई, दोन २० वर्षांच्या आणि दिराला १० वर्षांची छोटी, असं ठरवते. बजेट ओलांडतंय, पण यांनी हो म्हटलंय.