'तो बँकेत आहे' हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

मराठीत 'तो बँकेत आहे' म्हटलं की नोकरी कळते. इंग्रजीत कोणी 'वर्क्स इन अ बँक' लिहितं, कोणी 'अ‍ॅट', कोणी 'फॉर'. नोकरीच्या अर्जांत तर 'वर्किंग विथ' सर्रास दिसतं. यात खरंच फरक आहे, की ज्याची त्याची सवय?

—

फरक आहे, फक्त रोजच्या बोलण्यात त्यावाचून अडत नाही. 'फॉर'मधून पगार कोण देतं ते कळतं आणि 'अ‍ॅट'मधून माणूस कामाला कुठे जातो ते. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकच, म्हणून खपून जातं. बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक घ्या. तो एजन्सीचा माणूस असेल तर 'वर्क्स अ‍ॅट अ बँक' ठीक, पण 'फॉर'पुढे एजन्सीच हवी. 'इन अ बँक' म्हणजे अमुक एका बँकेत. 'इन बँकिंग' म्हणजे त्या क्षेत्रात. सैन्याला मात्र 'इन द आर्मी'च, तिथे 'अ‍ॅट' चालत नाही.

'विथ' चूक नाही. 'शी हॅज बीन विथ द कंपनी फॉर टेन इयर्स' हे रुळलेलं इंग्रजी आहे. पण 'आय वर्क विथ' म्हणून पुढे कंपनीचं नाव टाकलंत, तर तुम्ही तिथले नोकर नसून बाहेरचे सल्लागार आहात असाही अर्थ निघू शकतो. अर्जात मी तरी 'फॉर' किंवा 'अ‍ॅट' लिहीन.

—

आणि 'अ‍ॅज' की 'लाइक'?

—

हुद्दा सांगायला 'अ‍ॅज'. 'वर्क्स अ‍ॅज अ टीचर' म्हणजे शिक्षक म्हणून नोकरी करते. 'लाइक अ टीचर' म्हटलं की ती शिक्षिका नाही, नुसती तसं वागते.

—

आपली खरी फजिती 'वर'पाशी होते. 'तो काउंटरवर बसतो', 'गाडीवर आहे', 'मशीनवर असतो' ही वाक्यं आपल्याला रोजची. 'ही सिट्स ऑन द काउंटर' म्हटलं की गडी फळीवर मांडी घालून बसला! तिथे 'अ‍ॅट द काउंटर' किंवा 'बिहाइंड द काउंटर'. गाडीवर असणारा तर सरळ 'ड्रायव्हर' म्हणून सांगावा, शब्दयोगी अव्ययाच्या नादी लागूच नये. 'ऑन' चालतो तो 'ऑन ड्यूटी', 'ऑन द स्टाफ', 'ऑन द बोर्ड' अशा ठिकाणी. समितीवर असणारा माणूस इंग्रजीतही 'ऑन द कमिटी'च असतो, तेवढं मात्र जुळलं.

—

एका 'द'नेही गडबड होते. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मुलाची जबाबदारी नर्सवर. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' यातही अर्थ तोच, पण कर्ता बदलला. इथला 'चार्ज'आधीचा 'द' गाळलात तर नर्सचा ताबा मुलाकडे जातो! तसंच 'इन ऑफिस' म्हणजे पदावर किंवा सत्तेवर, आणि 'इन द ऑफिस' म्हणजे कचेरीत. 'सर इज इन ऑफिस' असा निरोप ऐकला की मला आधी शपथविधी आठवतो. 'सर्व्हिसला आहे'चं 'इन सर्व्हिस'ही जपून करा. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ कुणाच्या तरी घरी चाकरीला असणं.

—

'माझ्या हाताखाली चौघं आहेत' याला 'अंडर मी' चालेल का?

—

चालतं, पण थोडं साहेबी वाटतं. अर्जात उलटं फिरवून 'फोर पीपल रिपोर्ट टू मी' लिहा. वरिष्ठाला जबाबदार असाल तर 'रिस्पॉन्सिबल टू', कामाची जबाबदारी असेल तर 'रिस्पॉन्सिबल फॉर'. या दोन्हींची अदलाबदल मात्र करू नका.